बिल्ड फेल गेला? आधी वरच्या अंगाला बघ

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, घेऊन ती आपल्याच मशीनवर बांधता येते, त्याला बिल्ड म्हणतात. प्रश्न तासगावच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "सर, जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी १३-स्टेबल चालवतोय. दोन कोअर, ४ जीबी रॅम, झेडएफएस फाइल सिस्टिम. सोर्सवरून १४-स्टेबलवर जायचंय. 'मेक -जे८ बिल्डवर्ल्ड' तीनदा चालवलं, तिन्ही वेळा पडलं. दोनदा एलएलव्हीएमच्या (कंपायलरच्या) वेगवेगळ्या फायलींवर. मग गिट पुल करून ताजा सोर्स ओढला, ओबीजे पुसलं, मित्राची मेक डॉट कॉन्फ (बिल्डच्या सेटिंगची फाइल) वापरून बघितली, तर तिसरीकडेच अडकलं. शेवटच्या वीस ओळी सोबत जोडल्यात. मित्र म्हणतो फॉरमॅट मार आणि नवीन टाक. काय करू?"

फॉरमॅट मारू नकोस. तुझ्या मशीनचं अजून काहीच बिघडलेलं नाही. बिल्डवर्ल्ड म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोडून बाकीची सिस्टिम बांधणं, ते चालू सिस्टिमच्या एकाही फायलीला हात लावत नाही. सोर्स /यूएसआर/एसआरसी मध्ये असतो, तयार माल /यूएसआर/ओबीजे मध्ये साठतो, आणि तो तिथं नुसता पडून राहतो. शंभर वेळा फेल गेला तरी सकाळी मशीन जसंच्या तसं १३ वरच उठणार. खरा धोका पुढं आहे, इन्स्टॉलच्या पायरीला. गंमत अशी की माणसं नेमकी उलटी वागतात. बिल्ड पडला की घाबरून काहीबाही पुसत सुटतात आणि इन्स्टॉलच्या वेळी मात्र लग्नाला उशीर झाल्यासारखी घाई करतात.

आता तुझ्या त्या वीस ओळी. त्यात कामाचं काहीच नाही. 'एरर कोड १' आणि 'स्टॉप' हे मेकचं, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, रडगाणं आहे, कारण नव्हे. सांगलीत पावसाळ्यात पाणी वाढायला लागलं की आम्ही दारातलं पाणी मोजत बसत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय ते आधी विचारतो, मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो. ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडायच्या आत सामान माडीवर गेलेलं असतं. लॉगचंही तसंच आहे. पाणी वरच्या अंगाला सुटलेलं असतं आणि तू खाली पायरीवर उभा राहून फोटो काढतोयस.

'-जे८' दिलं की एकाच वेळी आठ कामं चालतात. त्यातलं एक मेलं तरी बाकीची सात हातातलं काम संपवेपर्यंत बडबडत राहतात. त्यामुळं शेवटच्या ओळी बहुतेक वेळा निरपराध फायलींच्या असतात. सगळं आउटपुट एका फायलीत घे, ती 'लेस' या फाइल वाचायच्या कमांडनं उघड आणि वरून खाली 'error' हा शब्द पुढच्या विसर्गासकट शोध, म्हणजे इंग्रजीत कोलन देऊन. नुसता शब्द शोधलास तर 'एसटीआरएरर'सारख्या नावांच्या फायलींचीच रांग लागेल. पहिला सापडेल तो खरा. दुसऱ्यापासून पुढचे त्याचेच पाहुणे. असा एकही सापडला नाही तर 'किल्ड' किंवा 'सिग्नल' शोध. तुझ्या बाबतीत हेच निघेल असा माझा अंदाज आहे, त्याकडे येतोच.

एररसोबत तिच्या आधीची 'स्टेज' असं लिहिलेली शेवटची ओळही टिपून ठेव. बहुतेकजण ती वाचतच नाहीत, आणि निम्मं निदान तिथंच होतं. बिल्डवर्ल्ड थेट नवी सिस्टिम बांधायला घेत नाही. आधी तुझ्या जुन्या सिस्टिमच्या कंपायलरनं (कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या हत्यारानं) स्वतःची हत्यारं घडवतो: स्टेज १ मध्ये बूटस्ट्रॅप टूल्स, स्टेज ३ मध्ये क्रॉस टूल्स, म्हणजे नवा कंपायलर. मग स्टेज ४ मध्ये त्या नव्या कंपायलरनं हेडर, लायब्रऱ्या आणि बाकीचं सगळं. जुना कंपायलर सोर्समधल्या आवृत्तीशी जुळला तर क्रॉस टूल्समधली कंपायलरची फेरी वगळली जाते. नाही जुळला, तर एलएलव्हीएम दोनदा बांधलं जातं. रात्र का पुरत नाही, त्याचं कारण हे. म्हणून स्टेज १ ते ३ मध्ये पडला तर संशय तुझ्या आत्ताच्या सिस्टिमवर: ती फार जुनी आहे का, तिच्या मेक डॉट कॉन्फमध्ये काही चावट लिहिलंय का, मेमरी पुरते का. स्टेज ४ मध्ये पडला तर संशय सोर्सवर, किंवा ओबीजेमध्ये राहिलेल्या जुन्या गाळावर.

दुरुस्ती करण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: दोष कुणाचा? मशीनचा, तुझा की सोर्सचा? हे ठरवायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. काहीही न बदलता तोच बिल्ड पुन्हा चालवायचा. गिट पुल नाही, फ्लॅग नाही, साफसफाई नाही. तू तिसऱ्या खेपेला एकदम तीन गोष्टी बदलल्यास, त्यामुळं ती खेप पुराव्याच्या दृष्टीनं वाया गेली. दोन्ही वेळा त्याच फायलीवर, त्याच ओळीवर अडला तर सॉफ्टवेअर. दर वेळी जागा बदलली तर मशीन. सोर्समधली चूक जागा बदलत नाही. तापलेला प्रोसेसर आणि सडलेली रॅम बदलतात.

हे मी शिकलो मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिथं माझा एक छोटा सर्व्हर होता. एप्रिल महिना, बाहेर चाळीसच्या आसपास. दुपारी बिल्ड लावला की क्लँग हा कंपायलर 'सिग्नल ११' म्हणत मरायचा, रोज नव्या फायलीवर. रात्री लावला की बिनबोभाट पार. मी चार दिवस सोर्समध्ये डोकं घातलं, कारण मरताना क्लँग स्वतःच म्हणतो की बग रिपोर्ट पाठवा, आणि त्यासाठी फायलीही काढून देतो. नवख्याला वाटतं कंपायलरचाच दोष सापडला! पाचव्या दिवशी डबा उघडला तर हीटसिंकच्या पात्यांत हळदीचा पिवळाधमक थर, फेल्ट टाकल्यासारखा. पंखा फिरत होता, वारा जात नव्हता. ब्रश मारला, ब्लोअर मारला, त्याच दुपारी बिल्ड पार झाला. पेढीतल्या हमालानं विचारलं, "झालं का औषधपाणी?" तेव्हापासून सिग्नल ११ आणि बदलती जागा अशी जोडी दिसली की मी आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधतो. साफ करूनही तसंच राहिलं, तर रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅम तपासायची. ऑफिसच्या रोजच्या कामात न दिसणारी रॅमची खोट बिल्डमध्ये हमखास वर येते, कारण बिल्ड मशीनला तासन्‌तास श्वासच घेऊ देत नाही.

तुझी जागाही बदलतेय. पण पैज लावायची तर मी उष्णतेवर नाही, मेमरीवर लावीन. दोन कोअर, ४ जीबी आणि '-जे८' हे गणितच बसत नाही. एलएलव्हीएमची एखादी मोठी सी-प्लस-प्लस फाइल कंपाइल होताना एक जीबीच्या घरात मेमरी खाऊ शकते. आठ जण एकदम ताटावर बसले की कर्नलला कुणाला तरी उठवावं लागतं. कोण उठेल ते त्या क्षणावर, म्हणून जागा बदलते. /व्हीएआर/लॉग/मेसेजेस उघड. 'सी++' या प्रोसेसच्या नावापुढं 'किल्ड: फेल्ड टू रीक्लेम मेमरी' असं दिसलं की तपास संपला.

उपाय: '-जे२' ठेव. दोन कोअरवर '-जे८' ला तसाही वेग येत नाही, फक्त गर्दी होते. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर एखादं रिकामं पार्टिशन स्वॅप म्हणून लाव, झेडव्हॉलवर, म्हणजे झेडएफएसमधूनच काढलेल्या तुकड्यावर, नको. झेडएफएसची एआरसी कॅशेही मेमरी धरून बसते, तिला बिल्डपुरती एक जीबीची मर्यादा घाल. मेमरीमुळं पडला असेल तर ओबीजे पुसायची गरज नाही. 'नो क्लीन' देऊन तिथून पुढं चालव, झालेलं काम वाया जात नाही. मात्र वीज जाऊन मशीनच बंद पडलं असेल तर पूस. अशा वेळी अर्धवट किंवा शून्य आकाराची ऑब्जेक्ट फाइल मागं राहू शकते. मेक तारीख बघून ती ताजी समजतो आणि पुढं लिंकर भलत्याच ठिकाणी बोंबलतो. पुसताना 'परवानगी नाही' असं आलं तर घाबरू नकोस. काही फायलींवर एसचेंज फ्लॅग, म्हणजे फाइल बदलू न देणारी खूण, असतो. सीएचफ्लॅग्जनं तो काढ आणि मग पूस. जागा किती शिल्लक आहे तेही एकदा बघून घे. डिस्क भरल्यावर येणाऱ्या एरर फार कल्पक असतात.

आता ती मित्राची मेक डॉट कॉन्फ. ती आजच काढून टाक. त्यात 'सीपीयूटाइप'ची ओळ असणार. मित्राचं मशीन नवं, तुझं जुनं. ती ओळ कंपायलरला सांगते की नव्या प्रोसेसरच्या खास सूचना बिनधास्त वापर. मग स्टेज १ मध्ये घडवलेलं हत्यार पुढं तुझ्या प्रोसेसरवर चालवायला गेलं की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', सिग्नल ४. तसा बिल्ड फेल गेला तर तुझं नशीब म्हणायचं. फेल न जाता तसाच इन्स्टॉल झाला असता तर रीबूटनंतर काय दिसलं असतं याचा विचार कर. अशीच गत एसआरसी डॉट कॉन्फमध्ये (काय बांधायचं ते ठरवणाऱ्या फायलीत) 'विदाउट' लावून भाग गाळणाऱ्यांची. प्रिंटर नको, ब्लूटूथ नको, हे नको, ते नको. वाचतात किती? थोडी मिनिटं. पण त्या विशिष्ट जोडीनं तो सोर्स जगात कुणी बांधून बघितलेला असेलच असं नाही. माझा नियम असा की पडलेल्या बिल्डचा तपास करताना दोन्ही फायलींची नावं बदलून त्या बाजूला ठेवायच्या, कर्नल जेनेरिक, म्हणजे सोर्ससोबत येणारा ठरलेला, घ्यायचा, ओबीजे कोरं करायचं. असा पार झाला तर दोष माझ्या कॉन्फिगमध्ये. मग एकेक ओळ परत आणायची.

स्वतःचा कर्नल बांधणाऱ्यांना एक वेगळं सांगणं आहे. जेनेरिकची पूर्ण प्रत काढून त्यात खाडाखोड करू नका. 'इन्क्लूड जेनेरिक' लिहून खाली फक्त स्वतःचे फरक ठेवा. जुनी प्रत नव्या सोर्सवर चालवली की काढून टाकलेल्या ड्रायव्हरचं नाव तिथंच राहतं, आणि कॉन्फिगचा अडथळा बिल्डच्या पहिल्या मिनिटाला समोर येतो.

हे सगळं करूनही त्याच ओळीवर अडला, तर सोर्सच मोडलेला असू शकतो. होतं तसं. पण तू स्टेबल शाखेवर आहेस. तिथं बदल आधी मेन शाखेत मुरून मग येतात, त्यामुळं तिथं मोडतोड फार वेळ टिकत नाही. मेनवर असतास तर दर पंधरवड्याला तयारीत राहा म्हटलं असतं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे /यूएसआर/एसआरसी मधली 'अपडेटिंग' नावाची फाइल. तारखेनुसार नोंदी असतात, ताजी वर. तुझा शेवटचा यशस्वी बिल्ड ज्या तारखेचा, तिथपर्यंत खाली वाच. कंटाळवाणं आहे, पण बिल्डनं घालवलेल्या दोन रात्रींपेक्षा वीस मिनिटं स्वस्त. त्यात काही नसेल तर गिट लॉगमध्ये त्या फायलीचा इतिहास बघ. तुझ्या कमिटनंतर, म्हणजे तुझ्याकडच्या सोर्समधल्या शेवटच्या बदलाच्या नोंदीनंतर, कुणी 'फिक्स बिल्ड' असं लिहिलेलं दिसलं की झालं काम. गिट पुल कर आणि चहा पी. नाही दिसलं तर काही तास थांब. आपल्याकडं रात्र असते तेव्हा तिकडं माणसं कामाला बसलेली असतात, सकाळपर्यंत दुरुस्ती आलेली असते असा माझा अनुभव आहे. फार अडलंच तर गिट बायसेक्ट. चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगायचा, तो मधला काढून देतो, हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. पण तुझ्या मशीनवर एकेक फेरी म्हणजे एकेक रात्र, तेव्हा तो शेवटचा उपाय. आणि कुठल्याही परिस्थितीत बिल्ड चालू असताना गिट पुल करायचं नाही. अर्धी भिंत एका नकाशानं, अर्धी दुसऱ्या.

घड्याळ. हे कुणी सांगत नाही. मेकचं सगळं शहाणपण फायलींच्या तारखांवर चालतं. मदरबोर्डचा सेल संपलेला असेल आणि वीज गेली, तर मशीन भलत्याच वर्षात उठतं. मग काल बांधलेलं सगळं 'भविष्यातलं' ठरतं आणि मेक एकतर सगळं परत बांधतो किंवा बांधायला हवं ते सोडून देतो. वीस-तीस रुपयांचा सेल. आपल्या देशात आणखी एक भानगड. विंडोजसोबत राहणाऱ्या मशीनवर बायोसचं घड्याळ भारतीय वेळेत असतं. इन्स्टॉलच्या वेळी वापरतात त्या सिंगल युजर मोडमध्ये फ्रीबीएसडी ती वेळ ग्रीनिचची समजतो आणि साडेपाच तास पुढं धावतो. तिथं इन्स्टॉल केलेल्या फायलींवर पुढच्या वेळा बसतात आणि पुढच्या बिल्डला त्या छळतात. म्हणून सिंगल युजरमध्ये गेल्यावर आधी 'ॲडजकर्नटीझेड -आय' चालवायचं.

आता इन्स्टॉल. बिल्डवर्ल्ड आणि बिल्डकर्नल दोन्ही शेवटपर्यंत गेल्याशिवाय इकडं फिरकायचंच नाही. तू झेडएफएसवर आहेस, तेव्हा सगळ्यात आधी 'बीईसीटीएल क्रिएट' करून आत्ताच्या सिस्टिमची बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बूट होऊ शकणारी प्रत, बाजूला ठेव. १२.० पासून हे हत्यार मूळ सिस्टिममध्येच आहे. क्षणात होतं आणि सुरुवातीला जागाही जवळपास घेत नाही. पुढं काहीही फसलं तरी बूटच्या मेन्यूतून जुनी निवडायची की तू परत १३ वर.

क्रम: आधी इन्स्टॉलकर्नल, मग रीबूट, मग 'ईटीसीअपडेट -पी', मग इन्स्टॉलवर्ल्ड, मग पूर्ण ईटीसीअपडेट (हे /ईटीसी मधल्या सेटिंगच्या फायली नव्या सिस्टिमशी जुळवतं). कर्नल आधी का? नवा कर्नल जुने प्रोग्रॅम चालवून घेतो, जुन्या कर्नलला नव्या प्रोग्रॅमची भाषा कळेलच असं नाही. मे २०१७ मध्ये विकासशाखेत इनोड क्रमांक (फायलींचे आतले ओळखक्रमांक) ६४ बिटांचे केले गेले. त्या टप्प्यावर कुणी जुन्या कर्नलवर नवं वर्ल्ड चढवलं की साधा 'एलएस'सुद्धा 'बॅड सिस्टिम कॉल' म्हणून आडवा. उलट क्रमानं गेलं तर तीच उडी बिनधोक होती. नवा कर्नल बूटच झाला नाही तर लोडरमध्ये (कर्नल चढवणाऱ्या सुरुवातीच्या पडद्यावर) थांबून 'बूट कर्नल डॉट ओल्ड'. इन्स्टॉलकर्नल जुना कर्नल त्याच नावानं जपून ठेवतो. पण लागोपाठ दोनदा इन्स्टॉलकर्नल केलंस तर त्या जागीही नवाच जाऊन बसतो, हे ध्यानात ठेव. ईटीसीअपडेटची '-पी' फेरी विसरलास तर एखादा नवा युजर किंवा ग्रुप नाही म्हणून इन्स्टॉलवर्ल्ड मध्येच थांबू शकतो.

मध्येच थांबला तरी डोकं शांत. ओबीजे जागेवर असेल तर कारण दूर करून तीच कमांड पुन्हा द्यायची, तो पहिल्यापासून सगळं परत लिहितो. साध्या कमांडसुद्धा चालेनाशा झाल्या तर /रेस्क्यू मध्ये बघ. तिथले प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केलेले असतात, कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नसतात. वळवाचे दिवस असतील, आभाळ भरून आलेलं असेल, तर यूपीएसशिवाय इन्स्टॉलवर्ल्डला हात घालू नकोस. बिल्डच्या वेळी वीज गेली तर वेळ जातो. इथं गेली तर रात्र जाते.

आणि सगळं छान चालतंय म्हणून उत्साहात 'झेडपूल अपग्रेड' मारू नकोस. पूलमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या डिस्कसाठ्यात, नवी फीचर्स चालू झाली की जुनी बूट एन्व्हायर्नमेंट तो पूल उघडू शकत नाही. परतीची वाट आपल्याच हातानं बुजवल्यासारखं होतं. मी महिनाभर थांबतो.

पॅकेजचं काम शेवटी. १४ मध्ये ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं, त्यामुळं १३ साठी बांधलेली पॅकेजेस जुनी लायब्ररी मागत राहतात. ती अजून डिस्कवर आहे म्हणून ती चालतातही. इन्स्टॉलवर्ल्डनंतर 'मेक डिलीट-ओल्ड' चालवायला हरकत नाही. पण 'डिलीट-ओल्ड-लिब्स' मात्र सगळी पॅकेजेस 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ'नं नव्यानं बसवल्यावरच. आधी चालवलंस तर स्वतः पीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅमसुद्धा उठणार नाही, म्हणून तर तिथं स्टॅटिक वापरायचं. ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नल मॉड्यूल असतात, तेही नव्या कर्नलसाठी परत हवेत. रीबूटनंतर काळा पडदा दिसला तर पहिला संशय तिथंच.

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नकोस: तुला सोर्सवरूनच का जायचंय? शिकायचं असेल तर उत्तम, यासारखी शाळा नाही. पण नुसतं १३ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच म्हणून जायचं असेल, तर तयार रिलीज आहेत आणि एका रिलीजवरून दुसरीवर न्यायला फ्रीबीएसडी-अपडेट आहे. जेनेरिक कर्नलवर समाधान असणाऱ्याला त्यात काही कमी पडत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांच्या मशीनवर तेच वापरतो. सोर्सचा खेळ घरच्या मशीनवर.

तर आज रात्री एवढं कर. मित्राची फाइल बाजूला, एआरसीला मर्यादा, स्वॅप चालू, ओबीजे या एकदा कोरं (त्यात मित्राच्या फायलीनं बांधलेला माल आहे म्हणून), '-जे२', आणि सगळं आउटपुट फायलीत. कुठल्या कमिटवर आहेस तो हॅश, म्हणजे कमिटचा ओळखक्रमांक, वहीत लिहून ठेव. टीमक्समध्ये चालव, नाहीतर टर्मिनल मिटलं की बिल्डही मिटला. तरीही पडलाच तर मला शेवटच्या वीस ओळी नकोत. पहिली एरर, तिच्या वरच्या पन्नास ओळी, स्टेजची ओळ, मेसेजेसमधल्या त्या वेळेच्या नोंदी आणि तो हॅश, एवढं पाठव.